३४०० च्या अलीकडे, ३४०० च्या पलीकडे

नाशिकरोडजवळ, गोदावरीच्या काठी, एकलहरे इथे महानिर्मितीचे औष्णिक वीजकेंद्र आहे. २१० मेगावॉटचे तीन संच, आणि त्यांना लागणारा कोळसा येतो रेल्वेने. एका रेकला साधारण ५८-५९ वाघिणी असतात. त्यांत मिळून साडेतीन ते चार हजार टन कोळसा मावतो. हा कोळसा चांगला की वाईट, हे डोळ्यांनी बघून कळत नाही. म्हणून त्याचा नमुना घेतात, दळतात, आणि त्यातला ग्रॅमभर कोळसा बॉम्ब कॅलरीमीटर नावाच्या बंद पात्रात प्राणवायू भरून जाळतात. किती उष्णता निघाली ते मोजले की एक आकडा हाती येतो : किलोमागे इतक्या किलोकॅलरी. वीजकेंद्रातली माणसे त्याला जीसीव्ही म्हणतात.

एका रेकचा एक आकडा समजायला सोपा असतो. महिनाभरात तीस रेक आले तर काय करायचे? खालचे तीस आकडे मी सरावासाठी मांडले आहेत, ते कोणत्याही केंद्राच्या नोंदवहीतले नाहीत. पण असे आकडे कसे दिसतात याची कल्पना त्यांवरून नीट येते.

३१२०, ३३८५, ३४६०, ३५१०, ३२९०, ३६४०, ३७०५, ३५८०, ३३३०, ३४१५,
३०२५, ३६९०, ३५५०, ३४७५, ३३६०, ३८१०, ३२४०, ३६२०, ३४९५, ३४००,
२९६०, ३५३०, ३७१५, ३४४०, ३१८०, ३६६०, ३३९५, ३५७०, ३८७०, ३३०५

महिन्याचा कोळसा कसा होता, असे कोणी विचारले तर ही यादी पुढे करून भागणार नाही. सगळी माहिती तिच्यात आहे, तरी ती काही सांगत नाही. फार तर सर्वांत लहान आकडा २९६० आणि सर्वांत मोठा ३८७० आहे, म्हणजे आकड्यांचा विस्तार ९१० आहे, एवढे शोधता येते. अशा कच्च्या यादीला सांख्यिकीत प्राथमिक सामग्री म्हणतात. तिचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटात किती आकडे पडले ते मोजायचे, या कामाला वारंवारता वितरण म्हणतात. गट म्हणजे वर्ग. वर्गाच्या दोन टोकांना वर्गमर्यादा, रुंदीला वर्गांतर, मधल्या बिंदूला वर्गमध्य आणि वर्गात पडलेल्या आकड्यांच्या संख्येला त्या वर्गाची वारंवारता. नववी-दहावीच्या पुस्तकात हे सगळे आहे. तिथे सहसा येत नाही ते एवढेच, की वर्ग कुठे तोडायचा हा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो आणि तो निर्णय पुढच्या प्रत्येक उत्तरात उतरतो. हे प्रकरण त्या निर्णयाबद्दल आहे.

वर्ग किती करावेत याचा एक जुना ठोकताळा आहे. १९२६ साली हर्बर्ट स्टर्जेस यांनी तो मांडला. आकड्यांची संख्या दोनच्या कितव्या घाताइतकी आहे ते बघायचे आणि त्यात एक मिळवायचा. तीस हा दोनच्या चौथ्या आणि पाचव्या घातांच्या मध्ये, पाचव्याच्या जवळ. म्हणून सहा वर्ग. ९१० ला सहाने भागले की दीडशेच्या आसपास वर्गांतर येते. हातात आकड्यांखेरीज दुसरे काहीच नसेल तेव्हा हा ठोकताळा उपयोगी पडतो. कोळशाच्या बाबतीत मात्र वर्ग आपल्याआधीच ठरलेले आहेत. १ जानेवारी २०१२ पासून देशात कोळशाची प्रतवारी जीसीव्हीवर होते आणि तिचे १७ वर्ग आहेत. ७००० च्या वरचा कोळसा जी-१, मग ६७०१ ते ७००० जी-२, ६४०१ ते ६७०० जी-३, असे तीनशे-तीनशेने उतरत २२०१ ते २५०० या जी-१७ पर्यंत. कोळशाची किंमत या वर्गाला लावलेली असते. तुमचा आकडा वर्गात नेमका कुठे पडला याला बिलात जागा नाही.

आपले तीस आकडे या वर्गांत घालू. यादी एकदाच वाचावी, आकडा आला की त्याच्या वर्गासमोर एक उभी रेघ ओढावी, चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. या ताळ्याच्या खुणा. बरेच विद्यार्थी उलटे करतात : एक वर्ग घेतात आणि त्यात बसणारे आकडे शोधत सगळी यादी चाळतात, मग दुसऱ्या वर्गासाठी पुन्हा. त्यात आकडे निसटतात, किंवा दोनदा मोजले जातात. शेवटी बेरीज तीस यायलाच हवी.

जी-१५ (२८०१–३१००) : २
जी-१४ (३१०१–३४००) : १०
जी-१३ (३४०१–३७००) : १४
जी-१२ (३७०१–४०००) : ४
एकूण : ३०

आता उत्तर देता येते. महिन्याचा कोळसा बहुतांशी जी-१३ आणि जी-१४ चा होता, तीसपैकी चोवीस रेक या दोन वर्गांत. थोडा वरचा आला, अगदी थोडा खालचा.

हे उत्तर मिळवताना आपण काहीतरी टाकूनही दिले. तक्ता बघून कोणाला ३४७५ हा आकडा परत काढता येणार नाही. जी-१३ मध्ये चौदा रेक होते एवढेच उरले. हिशेब करायचा तर आता असे धरून चालावे लागते की वर्गातला प्रत्येक आकडा जणू वर्गमध्याशीच आहे. वर्गमध्य अनुक्रमे २९५०, ३२५०, ३५५० आणि ३८५० घेऊन सरासरी काढली तर ती ३४५० येते. मूळ तीस आकड्यांची बेरीज करून भागाकार केला तर ३४५७.५. फरक साडेसात किलोकॅलरींचा. आता वर्गातले आकडे समान पसरलेले आहेत असे धरून मध्यक काढू. जी-१४ संपेपर्यंत बारा रेक झालेले आहेत, पंधराव्यापर्यंत पोचायला जी-१३ मधल्या चौदापैकी तीन हवेत, म्हणून ३४०० मध्ये तीनशेचा तीन-चौदांश मिळवायचा : ३४६४. खरा मध्यक ३४६७.५. तीस आकड्यांच्या जागी चार ठेवून इतके जवळ पोचता येते, म्हणूनच जनगणनेपासून परीक्षेच्या निकालांपर्यंत ही पद्धत टिकली आहे. साडेतीन हजारांत साडेसातांचा फरक मी आनंदाने सोसेन.

पण त्याच यादीत दोन आकडे आहेत, ३४०० आणि ३४१५. दोघांत पंधरा किलोकॅलरींचे अंतर. एक जी-१४, दुसरा जी-१३. उलट ३४१५ आणि ३६९० यांच्यात २७५ चे अंतर असून दोघे एकाच वर्गात, एकाच दराचे. सरासरीला न जाणवणारी गोष्ट पैशाला जाणवते. नमुना खाणीकडे रेक भरतानाही घेतला जातो आणि वीजकेंद्रात उतरवतानाही. एकाच नमुन्याच्या दोन चाचण्यांतसुद्धा थोडा फरक पडतो. आकडा वर्गाच्या मधोमध असेल तर या फरकाने काही बिघडत नाही. तो ३४०० च्या अलीकडे-पलीकडे असेल तर एका टोकाला जी-१३ म्हणून भरलेला रेक दुसऱ्या टोकाला जी-१४ म्हणून उतरू शकतो. म्हणूनच धनबादच्या केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेसारख्या तिसऱ्या पक्षाकडून नमुने तपासून घेण्याची पद्धत आली.

यावर अरुंद वर्ग हा उपाय आहे का? निदान बघण्यासाठी तरी आहे. तेच आकडे शंभराच्या वर्गांत घातले तर २९०१–३००० मध्ये १, ३००१–३१०० मध्ये १, पुढे २, २, मग ३३०१–३४०० मध्ये ६, ३४०१–३५०० मध्ये ५, नंतर ५, ४, २ आणि २. पहिल्या तक्त्यात सर्वांत जास्त वारंवारता जी-१३ ला होती. या तक्त्यात ती ३३०१–३४०० या वर्गाला आहे, आणि हा वर्ग जी-१४ च्या पोटात आहे. आकडे तेच, पण सर्वाधिक गर्दीचा वर्ग बदलला. शिवाय आधी न दिसलेली गोष्ट दिसली : जी-१४ च्या दहा रेकपैकी सहा वरच्या मर्यादेला खेटून आहेत. वर्गातले आकडे समान पसरलेले आहेत हे जे आपण हिशेबासाठी धरले होते, ते इथे खरे नव्हते. कोळसा खरेदीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला यातून लगेच कळावे की त्याच्या महिन्याच्या हिशेबात सीमेवरचे रेक जास्त आहेत, आणि तिथे नमुन्याची काळजी दुप्पट घ्यायला हवी. आणखी अरुंद, दहा-दहाचे वर्ग केले तर मात्र बहुतेक वर्गांत शून्य किंवा एक पडेल आणि आपण पुन्हा कच्च्या यादीपाशी येऊ.

२०१२ च्या आधीची प्रतवारी या दृष्टीने फार बोलकी आहे. तेव्हा कोळसा ए ते जी अशा सात प्रतींत मोजला जाई, आणि मोजमाप होते उपयुक्त उष्मांकाचे : राख आणि ओलावा यांच्या टक्क्यांची बेरीज १३८ ने गुणायची आणि ८९०० मधून वजा करायची. ६२०० च्या वर ए. बी ची प्रत ५६०० ते ६२००, सी ४९४० ते ५६००, डी ४२०० ते ४९४०, ई ३३६० ते ४२००, एफ २४०० ते ३३६० आणि जी १३०० ते २४००. वर्गांतरे काढून बघा : ६००, ६६०, ७४०, ८४०, ९६०, ११००. कोळसा जितका हलका तितका वर्ग रुंद. भारतातल्या वीजकेंद्रांच्या वाट्याला येणारा कोळसा मोठ्या प्रमाणावर राखेचा, म्हणजे खालच्या प्रतींतला. जिथे सर्वांत जास्त कोळसा होता तिथेच वर्ग सर्वांत ढगळ होते. एफ मध्ये ३३५० आणि २४५० एकाच नावाने विकले जात. माझ्या मते सात वर्गांचे सतरा होण्यापेक्षा मोठी सुधारणा ही होती की सगळे वर्ग सारखे, तीनशेचे झाले.

असमान वर्गांचा आयतालेख काढताना एक पथ्य पाळावे लागते. आयताची उंची वारंवारतेइतकी ठेवली तर रुंद वर्गाचा आयत निव्वळ रुंदीमुळे मोठा दिसतो. डोळा उंची बघत नाही, क्षेत्रफळ बघतो. म्हणून वारंवारतेला वर्गांतराने भागून जी संख्या येईल ती उंची घ्यायची. वृत्तपत्रांत छापून येणाऱ्या आलेखांत हे पथ्य क्वचितच पाळलेले दिसते, आणि त्याची मला खंत वाटते.

३४०० हा आकडा जी-१४ मध्ये आपण बिनदिक्कत टाकला. शाळेच्या पुस्तकात ३१००–३४०० आणि ३४००–३७०० असे असमाविष्ट पद्धतीचे वर्ग असते तर तो पुढच्या वर्गात गेला असता, कारण तिथे वरची मर्यादा वर्गात धरत नाहीत. कोळशाच्या जुन्या प्रतवारीत भाषाच अशी होती : ३३६० पेक्षा जास्त, पण ४२०० पेक्षा जास्त नाही. म्हणजे वरची मर्यादा आत, खालची बाहेर. दोन्ही रीती बरोबर आहेत. चूक होते ती कोणती रीत घेतली हे न सांगितल्याने. आपल्या तक्त्यासारख्या, दोन्ही मर्यादा वर्गात धरणाऱ्या समाविष्ट पद्धतीत ३४०० आणि ३४०१ यांच्यामध्ये एक फट राहते. आकडे पूर्णांकात लिहायचे ठरलेले असेल तर ती फट निरुपद्रवी असते, अपूर्णांक लिहू लागलो की ३४००.६ कुठे टाकायचा हा प्रश्न येतो.

हवामान खात्याने हा प्रश्न पावसाच्या बाबतीत कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. चोवीस तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर म्हणजे मध्यम पाऊस, ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार. पहिल्यांदा वाचताना हे दशांश विचित्र वाटतात. पाऊस मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजला जातो, म्हणून ६४.४ आणि ६४.५ यांच्यामध्ये नोंदवता येईल असा आकडाच नाही. वर्ग समाविष्ट आहेत आणि फट उरलेली नाही. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागाईतदाराला दुसरी सीमा जास्त ओळखीची असते : महसूल मंडळात दिवसाला ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. मंडळाच्या पर्जन्यमापकात ६३ नोंदले गेले तर त्या सीमेच्या अलीकडचा शेतकरी काय सोसतो, ते तालुक्याच्या कचेरीत बसून समजणे कठीण आहे. अशा जागी वर्गाची सीमा ठरवणाऱ्याने पर्जन्यमापक किती दूर आहे याचाही विचार केलेला असावा.

एकलहऱ्याला परत येऊ. कोळसा जळाला, वाफ झाली, टर्बाइन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरले की वीज ५० हर्ट्झची निघते. देशभरातली केंद्रे एकाच जाळ्यात असल्यामुळे हा आकडा सगळ्यांचा सामाईक. मागणी वाढली की तो किंचित खाली येतो, मागणी घटली की वर जातो. सेकंदाला एक नोंद धरली तरी दिवसाच्या ८६,४०० नोंदी. वर्गांशिवाय त्या वाचणे अशक्यच. राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राच्या रोजच्या अहवालात म्हणूनच एक छोटा तक्ता असतो : ४९.७ च्या खाली वेळेचे किती टक्के, ४९.७ ते ४९.८ किती, ४९.८ ते ४९.९ किती, ४९.९ च्या खाली एकूण किती, ४९.९ ते ५०.०५ किती आणि ५०.०५ च्या वर किती. चौथा रकाना आधीच्या तिन्हींची बेरीज आहे, म्हणजे ती संचित वारंवारता. तिला वेगळा वर्ग समजून बेरजेत धरले तर शंभराच्या वर आकडा जाईल. वारंवारता इथे संख्येने न देता वेळेच्या टक्क्यांत दिली आहे, त्यामुळे कोणताही दिवस कोणत्याही दिवसाशी ताडून बघता येतो.

मधला वर्ग, ४९.९० ते ५०.०५, हा २०१४ पासूनचा मान्य पट्टा. रुंदी ०.१५ हर्ट्झ. त्याच्या दहा-बारा वर्षे आधी मान्य पट्टा ४९.० ते ५०.५ होता, म्हणजे बरोबर दहापट रुंद. एखादा दिवस घ्या ज्यात आकडा ४९.६ आणि ५०.३ यांच्यामध्ये फिरत राहिला. जुन्या पट्ट्याने तो दिवस शंभर टक्के मान्य, नव्या पट्ट्याने त्यातला बराच वेळ बाहेर. तारांमधली वीज तीच. म्हणून ‘इतके टक्के वेळ पट्ट्यात’ असे कुठल्याही वर्षाचे वाक्य वाचले की आधी विचारावे, कोणता पट्टा? पट्टा अरुंद करण्यामागे जाळे अधिक शिस्तीत चालावे हा हेतू होता आणि तो योग्यच होता. पण दोन काळांची तुलना करायची तर दोन्ही काळांच्या मूळ नोंदी एकाच वर्गांत घालून करावी लागेल. वेगवेगळ्या वर्गांतले टक्के समोरासमोर ठेवून काहीच सिद्ध होत नाही.

शेवटी ती वीज घरी येते आणि महावितरणचे बिल येते. घरगुती वापराचे टप्पे : १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि ५०० च्या वर. हेही वर्गच आहेत. वर्गांतरे असमान, पद्धत समाविष्ट, शेवटचा वर्ग उघडा. मात्र कोळशाच्या वर्गांशी त्यांचा एक मोठा फरक आहे. वापर १०० वरून १०१ झाला की सगळे १०१ युनिट महाग होत नाहीत. पहिल्या शंभरांना पहिलाच दर राहतो, वरच्या एका युनिटाला दुसरा लागतो. कोळशाचा रेक ३४०० वरून ३४०१ झाला की अख्ख्या रेकची प्रत बदलते. पहिल्या रीतीत सीमेवर भांडण करण्यासारखे फारसे उरत नाही, दुसऱ्या रीतीत सगळे भांडण सीमेवरच होते. पैशाशी जोडलेले वर्ग करायचे असतील तर मला बिलाची रीत जास्त न्याय्य वाटते.

‘५०० च्या वर’ या उघड्या वर्गाला वर्गमध्य नसतो. ५२० युनिट वापरणारे घर आणि २००० वापरणारा बंगला एकाच खान्यात. त्यामुळे अशा तक्त्यावरून सरासरी काढताच येत नाही. काढायची तर शेवटच्या वर्गासाठी एखादा आकडा गृहीत धरावा लागतो आणि तो उघड सांगावा लागतो. मध्यक मात्र काढता येतो, कारण मधले घर कोणत्या वर्गात आहे हे बघताना शेवटच्या वर्गातली घरे किती हे पुरते. ती किती वापरतात याची गरज पडत नाही.

बिलावर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो. ते बारा आकडे काढून आधी टप्प्यांच्या वर्गांत घाला. मध्यम वापराच्या घरात बहुतेक महिने १०१–३०० या एकाच खान्यात जाऊन बसतील आणि वर्षभर काहीच घडले नाही असे वाटेल. मग तेच आकडे पन्नास-पन्नासच्या वर्गांत घाला; कूलरचे एप्रिल-मे वेगळे होतील. हे करण्याआधी प्रत्येक बिल किती दिवसांचे आहे तेही बघा. एक बिल २८ दिवसांचे आणि दुसरे ३३ दिवसांचे असेल, तर आधी दिवसाला किती युनिट ते काढावे आणि मग वर्ग पाडावेत.